ऑटिझमची तपासणी: भिशी मोडण्याआधी थोडं थांबा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये एक नवा शब्द येऊन बसला आहे, ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, पण तो शब्द बहुतेक सरकारी कागदावरच भेटतो. हा शब्द घरात येतो तो शाळेतून. केजीच्या बाई आईला गेटवर गाठतात. ‘तुमचा मुलगा एका जागी बसत नाही, नजरेला नजर देत नाही, असेसमेंट करून आणा, नाहीतर पहिलीला घेता येणार नाही.’ असेसमेंट कुठे करायची, किती पैसे लागतील, रिपोर्ट हातात आल्यावर पुढे काय करायचं, हे बाई सांगत नाहीत. बहुतेकदा त्यांनाही माहीत नसतं. मग कुणीतरी एखाद्या खासगी सेंटरचं कार्ड हातात ठेवतं. भिशी मोडली जाते, बचत गटातून कर्ज उचललं जातं, कधी कानातलं गहाण पडतं. आणि हातात येते आठ-दहा पानांची इंग्रजी फाईल, जी घरात कुणालाच वाचता येत नाही.

माझं मत आधीच सांगते. खासगी तपासणी वाईट नसते. काही ठिकाणी ती सरकारीपेक्षा खूप चांगली होते. पण आपल्यासारख्या घरांनी ती पहिली पायरी करू नये, आणि कर्ज काढून तर मुळीच करू नये. कारण सोपं आहे. ज्या कागदावर मुलाला कायद्याने काही मिळतं, तो कागद खासगी सेंटर देऊच शकत नाही.

मी जीएनएम केलेली नर्स आहे. बरीच वर्षं बालरुग्ण विभागात काढली, आता वस्त्यांमध्येच काम करते. माझ्यासमोर आलेल्या पावत्या सहा हजारांच्या आहेत तशा अठरा हजारांच्याही आहेत. एका आईने दोन सेंटरमध्ये दोनदा पैसे भरले होते, कारण पहिल्या रिपोर्टवर ‘ऑटिझमची लक्षणे’ एवढंच लिहिलं होतं आणि दुसऱ्या सेंटरने तो रिपोर्ट मानला नाही. ती धुणीभांडी करते. तिचा दोन महिन्यांचा पगार दोन फायलींत गेला आणि मुलाची थेरपी सुरू झालीच नव्हती.

तपासणी म्हणजे नक्की काय

ऑटिझम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. एक्स-रेमध्ये, एमआरआयमध्ये दिसत नाही. मुलाला फिट येत असतील, तो शिकलेलं विसरत चालला असेल किंवा डॉक्टरला दुसरी काही शंका असेल, तर ईईजी, एमआरआय लागतो. पण ‘ऑटिझम आहे का ते बघायला एमआरआय काढा’ असं कुणी म्हणालं, तर का काढायचा ते विचारा. विचारायला लाजू नका.

ही तपासणी म्हणजे बघणं आणि बोलणं. मूल खेळताना बघायचं, त्याला हाक मारून बघायची, आईबापाशी, आजीशी सविस्तर बोलायचं. पोटात असताना काय झालं, मूल रडलं कधी, बसलं कधी, पहिला शब्द कोणता, तो शब्द टिकला की गेला. आपल्या देशात यासाठी इसा नावाची मोजपट्टी आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही असं धरतात. सरकारी दाखल्यासाठी हीच मोजपट्टी वापरतात. खासगीत कार्स, एडॉस अशी परदेशी साधनंही वापरतात. ती चांगली आहेत, पण त्यांचं साहित्य आणि प्रशिक्षण महाग आहे, आणि तो खर्च शेवटी तुमच्याच पावतीवर येतो.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. दहा मिनिटांत, मुलाकडे धड न बघता, कुणी ‘ऑटिझम आहे’ किंवा ‘नाही’ म्हणालं, तर ती तपासणी झालीच नाही. मग तो डॉक्टर सरकारी असो की खासगी.

आणि सगळ्यांच्या आधी कान तपासा. बोलत नसलेल्या, हाकेला ओ न देणाऱ्या मुलाची ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय पुढचं काहीच पक्कं म्हणता येत नाही. ओएई आणि बेरा या त्या तपासण्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, ती याच कामासाठी आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागातही हे होतं. मला भेटलेल्या एका मुलीला चार वर्षं सगळे ‘हट्टी’ म्हणत होते. तिला ऐकूच येत नव्हतं.

कोणत्या वयात काय बघायचं

वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही. दीड वर्षाचं झालं तरी हवी ती वस्तू बोट करून दाखवत नाही, आईचा हात धरून तो हात वस्तूवर नेऊन ठेवतं. सोळा महिन्यांत एक शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडून बोलत नाही. किंवा ‘मम्मी’, ‘पाणी’ म्हणत होतं आणि ते सगळं गेलं. हे शेवटचं तर कोणत्याही वयात झालं तरी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात न्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी आहे. ती चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत अडकलं म्हणजे ऑटिझम झाला असं नव्हे, पण मग पुढची तपासणी टाळायची नाही.

आपल्या घरांची एक अडचण मला वेगळी सांगावीशी वाटते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, शेजारी टीव्ही, खाली वेल्डिंगचं दुकान. आवाज सहन न होणारं मूल अशा घरात सतत रडतं, कान झाकतं, डोकं आपटतं, आणि सगळे म्हणतात लाडावलंय. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेसमोर किंचाळणारी, आईच्या पदरात तोंड खुपसणारी मुलं मी दरवर्षी बघते. त्यातली काही नुसती घाबरलेली असतात, काहींना खरंच त्रास असतो. (डीजेबद्दल मला वेगळं लिहायचं आहे, ते पुन्हा कधी.)

मोबाईलमुळे ऑटिझम होत नाही. मोबाईल जास्त बघितल्याने बोलणं मागे पडू शकतं, म्हणून तो कमी करायलाच हवा. पण ‘तूच मोबाईल दिलास म्हणून पोरगं असं झालं’ हे सासूचं वाक्य खोटं आहे. हे खोटं नवीनही नाही. पन्नास-साठच्या दशकात अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टर म्हणत की आईने माया लावली नाही म्हणून मूल असं झालं. ते सिद्धान्त केव्हाच टाकून दिले गेले, पण आईवर बोट ठेवायची सवय काही गेली नाही.

लसीचंही तसंच. १९९८ साली लॅन्सेट या नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने १२ मुलांवरून गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. तो लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं नाव नोंदवहीतून काढलं गेलं. अफवा मात्र अजून फिरते. २०२२ च्या शेवटी गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवरची साथ आली आणि लहान मुलं दगावली. लस चुकवून ऑटिझम टळत नाही, मूल मात्र जाऊ शकतं.

हा आजार ‘शिकलेल्या घरांचा’ का वाटायचा

१९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरने ऑटिझमवरचा पहिला मोठा लेख लिहिला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. त्याच्या वडिलांनी, जे वकील होते, डॉक्टरला मुलाबद्दल ३३ पानांचं टाईप केलेलं पत्र पाठवलं होतं. आईच्या माहेरची बँक होती. पुढे डोनाल्डने त्याच बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जग फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. त्या लेखातली बरीच मुलं अशाच घरांतली होती, म्हणून कितीतरी वर्षं जगभर समज होता की ऑटिझम हुशार, शिकलेल्या आईबापांच्या मुलांना होतो.

खरं तर तिथपर्यंत पोहोचत तीच मुलं होती. ज्याचा बाप ३३ पानं टाईप करू शकतो, त्याला निदान मिळालं. हमालाच्या मुलाला नाही मिळालं. त्याला ‘वेडा’ म्हणून कुठेतरी टाकलं.

आपल्याकडे हे आजही चालतं. तेच मूल सोसायटीतलं असेल तर ‘स्पेक्ट्रमवर आहे’, वस्तीतलं असेल तर ‘मतिमंद आहे’ किंवा ‘घरात कुणी बोलतच नसेल’. मी वॉर्डात असताना एका डॉक्टरने आईला माझ्यासमोर विचारलं होतं, ‘तुमच्या लोकांत मुलांशी बोलायची पद्धत असते का?’ ती आई पोराशी दिवसभर बोलत होती. बोलून बोलून थकली म्हणूनच आली होती.

याचा तपासणीशी थेट संबंध आहे. बुद्धिमापन चाचणी मुलाला येत नसलेल्या भाषेत घेतली, चित्रं त्याने कधी न पाहिलेल्या वस्तूंची दाखवली, तर गुण कमी येणारच. मग कागदावर ‘बौद्धिक अक्षमता’ लिहिलं जातं आणि पोरगं त्या शब्दासोबत मोठं होतं. म्हणून चाचणी मराठीत घ्या, घरात हिंदी बोलत असाल तर हिंदीत घ्या, असं स्पष्ट सांगा. रिपोर्टमध्ये कोणत्या भाषेत चाचणी घेतली ते लिहायला लावा. हा आगाऊपणा नाही, हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ मध्ये ही सेवा जात, धर्म, वर्ग न बघता मिळाली पाहिजे असं लिहिलेलं आहे. जात हा शब्द त्यात आहे, मी वाचून सांगते.

सरकारी रस्ता

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. त्याची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतात. विकासात मागे पडणारं मूल सापडलं तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचार, फिजिओ एका छताखाली असायला हवेत, आणि सगळं मोफत. अंगणवाडी ताईला विचारा, पथक कधी येणार. आलं तेव्हा मूल गावी गेलेलं असेल तर संधी जाते.

मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल या रुग्णालयांत बालरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. नवी मुंबईत खारघरला सिकंदराबादच्या त्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. खासगी सेंटरच्या जाहिरातीत यातलं काहीच नसतं, साहजिक आहे.

आता दोष कुणाचा ते. ‘केंद्रात सगळे असायला हवेत’ असं मी वर लिहिलं. प्रत्यक्षात मानसशास्त्रज्ञाची जागा रिकामी असते, किंवा एकच मॅडम दोन ठिकाणी सांभाळतात आणि आपल्याकडे आठवड्यातून एकदा येतात. पहिल्या दिवशी केसपेपर, दुसऱ्या दिवशी कान, तिसऱ्यांदा ‘मॅडम रजेवर आहेत’. रोजंदारीवरच्या बाईसाठी चार खेपा म्हणजे चार खाडे. हे सगळं मोजलं तर मोफत तपासणी मोफत राहत नाही. म्हणून जी आई कंटाळून खासगीत जाते, तिला नावं ठेवायची नाहीत. रिकाम्या जागा भरत नाहीत, त्यांना जाब विचारायचा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या जिल्ह्याच्या केंद्रात मानसशास्त्रज्ञाच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरल्या आहेत, शेवटची कधी रिकामी झाली, हे तीन प्रश्न पुरेत. शिष्यवृत्ती अडली की आपण समाजकल्याणच्या दारात बसतो. तसं या दारात अजून कुणी बसलेलं मी पाहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र रांगेत असतानाही करता येते. उपचार सुरू करायला निदानाच्या शिक्क्याची वाट बघायची गरज नाही. मूल बोलत नाही एवढ्या कारणावर वाचा उपचार सुरू होऊ शकतो. लहान वयात घालवलेले सहा महिने जड जातात. फाईलच्या मागे धावताना ते घालवू नका.

खासगीत जायचंच असेल तर

नंबर चार-पाच महिन्यांनी लागतोय, मूल दोन-अडीच वर्षांचं आहे आणि हातात पैसे आहेत, उसने नाहीत, तर जा. ट्रस्टच्या सेंटरमध्ये उत्पन्न बघून फी कमी करतात. पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. रेशनकार्ड दाखवून विचारा.

फोनवरच विचारून घ्या की तपासणी कोण करणार. मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा उपचार करणारे यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत असावी लागते आणि त्यांना सीआरआर नंबर असतो. तो नंबर रिपोर्टवर हवा. नुसतं ‘काउन्सेलर’ किंवा ‘चाइल्ड एक्सपर्ट’ असं पाटीवर लिहिलं म्हणजे निदान करायचा अधिकार मिळत नाही. फीमध्ये काय काय येतं, किती बैठका, लेखी रिपोर्ट त्यातच की वेगळे पैसे, रिपोर्ट मराठीत समजावून सांगणार का, हेही आधीच विचारा. पक्की पावती घ्या.

आणि तपासणीच्या दिवशीच कुणी सहा महिन्यांच्या थेरपीचं पॅकेज पुढे केलं, ‘आज भरलं तर वीस टक्के सूट’ म्हणालं, तर चप्पल घाला आणि निघा. मी हे कडक लिहिते आहे, कारण जो तपासतो त्यालाच विकायचंही असेल तर त्याच्या निदानावर भरवसा कसा ठेवायचा? थेरपी तिथेच घेऊ नका असं म्हणत नाही. घरी येऊन विचार करा, मग ठरवा.

याहून वाईट म्हणजे स्टेम सेल. लाखो रुपये घेऊन ‘ऑटिझम बरा करतो’ म्हणणारे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. ऑटिझम हा ताप नाही की उतरेल. मूल शिकतं, बोलायला लागतं, स्वतःचं करायला लागतं, काही मुलं खूप पुढे जातात. पण ‘बरं करतो’ हे वाक्य अंगारेवाल्या बाबाचं असो की एसी दवाखान्याचं, फसवणूक तीच. बाबाला आपल्या वस्तीतून आपण हाकललं, आता हा दुसरा शिरतोय.

मोठी माणसं

या विषयात मोठ्यांचं कुणी बोलतच नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत आला. म्हणजे जे आज तीस-चाळीस वर्षांचे आहेत, त्यांच्या लहानपणी विचारायला कुणी नव्हतं. ते आपल्यातच आहेत. दहावीला चांगले मार्क, रेल्वेचं अख्खं वेळापत्रक पाठ, पण कुठल्याच नोकरीत तीन महिने टिकत नाही असा कुणाचा तरी भाऊ. साहेब टोमणा मारतो तो याला कळत नाही. कामाची पद्धत बदलली की हा घरी येऊन बसतो. वस्ती त्याला घुमा म्हणते. मुलींचं आणखी अवघड. ‘शांत आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नाही’ म्हणून तिचं कौतुक होतं. ती बाकीच्या मुलींचं बघून बघून हसायला, बोलायला शिकते आणि लग्नानंतर सासरच्या गर्दीत कोलमडते.

अशा काहींना वर्षानुवर्षं नैराश्याच्या, चिंतेच्या, कधी स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू असतात. ते आजारही सोबत असू शकतात, म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. पण ‘डॉक्टर, याला लहानपणापासूनच असं आहे, ऑटिझमच्या दृष्टीने बघाल का?’ हे विचारता येतं. मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात विचारा. खासगीत मोठ्यांची तपासणी करणारे थोडे आहेत आणि फी जास्त आहे. ऑनलाईन दहा प्रश्नांची टेस्ट भरून कुणी ऑटिस्टिक ठरत नाही.

मोठ्यांच्या तपासणीत लहानपणाची माहिती सगळ्यात मोलाची असते. आई, आत्या, मोठी बहीण, ज्यांनी लहानपण पाहिलंय त्यांना सोबत न्या. शाळेची प्रगतिपुस्तकं न्या. ‘एकटा राहतो’, ‘वर्गात लक्ष नाही’ असे गुरुजींचे जुने शेरे तिथे कामाला येतात.

आणि ‘लग्न केलं की सुधारेल’ हे बंद करा. लग्न हा उपचार नाही. समोरच्या घरापासून लपवून केलेलं लग्न म्हणजे दुसऱ्याच्या मुलीची फसवणूक आहे. स्वतःला समजलेला, समोरच्याला सांगून लग्न करणारा माणूस संसार करू शकतो, ते मी पाहिलं आहे.

दाखला

आपल्या लोकांना जातीचा दाखला आणि पडताळणी कशी काढायची हे कुणी शिकवावं लागत नाही. आजोबांच्या शाळेच्या नोंदीपर्यंत आपण जातो. तीच चिकाटी दिव्यांग दाखल्यासाठी हवी. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज मोफत होतो. त्यातून तपासणी होऊन यूडीआयडी कार्ड मिळतं. तपासणी सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढेच होते. खासगी रिपोर्ट असेल तर आधार म्हणून सोबत न्या, पण नुसत्या त्याच्यावर दाखला मिळत नाही. लहान मुलांचा दाखला काही वर्षांपुरता असतो, मुदत वहीत लिहून ठेवा.

४० टक्के किंवा जास्त आलं तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आहेत. सरकारी नोकरीत ४ टक्के आहेत, आणि त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा गटासाठी आहे. हे आरक्षण आडवं आहे. म्हणजे अनुसूचित जातीचा दाखला आणि हा दाखला दोन्ही एकाच वेळी चालतात, एकाने दुसरा कापला जात नाही. हे कितीतरी शिकलेल्या लोकांनाही माहीत नाही. एसटीच्या तिकिटात सवलत आहे, दहावी-बारावीला जास्त वेळ आणि लेखनिक मिळतो. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंत विमा देते आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. मुलगा १८ चा झाला आणि स्वतःचे व्यवहार सांभाळू शकत नसेल, तर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.

शाळेचं सांगायचं राहिलं. पहिली ते आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा काढून टाकू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात ते लिहिलं आहे. मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. ‘रिपोर्ट आणा नाहीतर न्या’ असं म्हणणाऱ्या शाळेला हे लेखी मागा. लेखी देत नाहीत.

पुष्कळ आया म्हणतात, ताई, दाखला काढला तर पोरावर कायमचा शिक्का बसेल. त्यांची भीती खोटी नाही. घर भाड्याने मिळावं म्हणून आडनाव सांगताना ज्यांची जीभ अडखळली आहे, त्यांना शिक्का म्हणजे काय ते माहीत आहे. पण दाखला गळ्यात घालून फिरायचा नसतो. तो पेटीत असतो, लागेल तेव्हा काढायचा. शिक्का तर वस्तीने आधीच मारलाय, ‘येडा’ म्हणून. त्याच्याबदल्यात हातात काही येत नाही.

रविवारी विहारात जमतो तेव्हा दहा मिनिटं या विषयाला द्या. ज्या घरांत असं मूल आहे, त्यांनी एकाच ओपीडीच्या दिवशी चार-पाच जणींनी मिळून जावं. एक रांगेत उभी राहील, एक मुलं सांभाळेल. बापांनीही एक खाडा करावा. तपासणीच्या खोलीत बाप असला की इतिहास पूर्ण मिळतो, आणि घरी येऊन ‘काही झालेलं नाही त्याला’ म्हणणंही बंद होतं.

पिशवीत हे घ्या: मुलाचं आणि तुमचं आधार, रेशनकार्ड, जन्माचा दाखला, बाळंतपणाचा आणि लसीकरणाचा कागद, आधीचे सगळे रिपोर्ट, शाळेची वही, दोन फोटो. मोबाईलमध्ये मुलाचे घरातले तीन-चार छोटे व्हिडिओ काढून ठेवा: खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर, चिडल्यावर. दवाखान्यात मूल वेगळंच वागतं, डॉक्टरला घरचं दिसायला हवं. मुलाचा आवडता खाऊ घ्या, कान झाकायला जाड टोपी किंवा मफलर घ्या, आणि केसपेपरच्या रांगेत सकाळी आठच्या आत उभ्या राहा.